हमटा पास: मी अर्ध्यातून परतलो, मावशी पोचली

राजहंसगडी (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी याच कट्ट्यावर 'हिमालयात जायचंय, तयारी कशी करू' म्हणून विचारलं होतं. तुम्ही भरभरून सांगितलंत, म्हणून हिशेब द्यायला आलोय. हिशेब तोट्यात आहे, हे आधीच सांगतो. जूनमध्ये मनालीजवळच्या हमटा पासला गेलो आणि खिंड तास-दीड तासावर असताना खाली परतलो. बरोबर माझी मावशी होती. वय ५७, राहणार कडोली, डाव्या गुडघ्याला पट्टा. ती खिंड ओलांडून पलीकडे लाहौलात उतरली.

हसून झालं असेल तर पुढं वाचा.

माझी तयारी कमी नव्हती. व्हॅक्सिन डेपोवर रोज सकाळी पाच किलोमीटर धावणं, रविवारी राजहंसगड, महिन्यातून एकदा कलानिधीगड नाहीतर पारगड. देवरवाडीतून वैजनाथ करून महिपाळगड तर घड्याळ लावून चढायचो. शेवटचे दोन महिने पाठीवर आठ किलोची सॅक. मावशीची तयारी म्हणजे शेत आणि पंढरपूरची पायी वारी. ती येते म्हणाली तेव्हा मी घरी म्हटलं होतं, 'तिला बेस कॅम्पला ठेवू, मी जाऊन येतो.' हे वाक्य आता घरात रोज ऐकवलं जातं.

प्रवास असा. संध्याकाळी बेळगावातून गोवा एक्स्प्रेस, तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन. त्याच रात्री दिल्लीहून मनालीची बस. सकाळी नऊला मनालीत उतरलो, आंघोळ केली, आणि बाराला जोबऱ्याला जाणाऱ्या गाडीत. तिथून दोन तास चालून चिका, मुक्काम तिथंच. आता आकडे बघा. बेळगाव ७५० मीटर, मनाली २,०५०, चिका ३,१००, दुसऱ्या मुक्कामाचं बालू का घेरा ३,६००, खिंड ४,२७०. म्हणजे बेळगाव सोडल्यावर रेल्वे आणि बस वगळता मी पहिल्यांदा पाठ टेकली ती थेट ३,१०० मीटरवर. तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच, मी सगळ्यांच्या पुढं चालण्यात गुंग होतो.

दुसऱ्या दिवशी ज्वाऱ्याला नदी पायी ओलांडली. पाणी इतकं गार की पहिल्यांदा भाजल्यासारखं वाटतं, मग पाय आपले राहत नाहीत. बालू का घेऱ्यात पोचेपर्यंत डोकं धरलं होतं. दोन्ही कानशिलांना कुणीतरी ओली दोरी बांधून पीळ देतंय, तसं. मावशीनं डबा उघडून गोकाकचं करदंट पुढं केलं आणि मी तोंड फिरवलं. करदंट नको म्हणालो तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

संध्याकाळी गाईड तंबूतंबूतून बोटाला ऑक्सिमीटर लावत आला. पलीकडच्या तंबूत आवाज ऐकला तसे मी हात चोळून गरम केले आणि दहा-बारा खोल श्वास घेतले. आकडा आला ८४. तो गेल्यावर मित्राचं यंत्र घेऊन गपचूप बघितलं तर ७६. कॉपी करून पास झालो म्हणा. रात्री तंबूमागं ओकलो आणि बुटानं बर्फ ओढून झाकलं. डोकेदुखीची गोळी घेतली. कुणाला सांगितलं नाही.

पहाटे साडेचारला निघालो. उजाडायच्या सुमाराला माझे पाय चुकीच्या दगडावर पडायला लागले. म्हणजे डोळ्यांना दगड दिसतोय इथं आणि पाऊल पडतंय तिथं. गाईड मागून बघत होता. कुल्लूकडचा पंचविशीचा पोरगा, बोलणं कमी. त्यानं काठीनं बर्फावर चारेक मीटर सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, 'इसपे चलो, एड़ी से पंजा मिलाके.' तिसऱ्या पावलाला मी रेघेबाहेर. पाचव्याला खाली बसलो. तो एवढंच म्हणाला, 'नीचे.'

मी दहा मिनिटं भांडलो. पैसे भरलेत, रजा संपलीय, जरा बसलो की होईल. मनात खरं काय होतं सांगू? बेळगावात तोंड कसं दाखवू. त्यानं ऐकून घेतलं, माझी सॅक उचलून मदतनिसाच्या पाठीवर दिली आणि संपलं. मावशी पन्नास पावलं मागं होती. ती जवळ आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, 'जा बाळ, मी बघून येते.' आणि गेली की हो!

दुपारी चिक्याला पोचलो तेव्हा नळ बंद करावा तसं डोकं थांबलं होतं. राजमा-भात दोनदा मागून घेतला.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. टिंगल पण चालेल.

टिळकवाडीचा_टग्या
रविवार, रात्री ९:५२

आयडी बदल आता. 'चिकावरून_परत' ठेव.

मलप्रभाकाठ
रविवार, रात्री १०:०५

प्रामाणिक लिहिलंयस. नाहीतर सगळे खिंडीवर झेंडा धरलेले फोटो टाकतात, ओकल्याचं कुणी लिहीत नाही. वाचनखूण साठवली आहे.

मावशींना दंडवत.

डॉक्टरीण_शहापूर
रविवार, रात्री १०:४८

दवाखान्यातून आत्ता आले, आणि हे वाचून झोप उडाली. राजहंसगडी, तुम्हाला झालं ते नुसतं 'हवा लागणं' नव्हे. डोकेदुखी, भूक मरणं, उलटी इथपर्यंत विरळ हवेचा साधा त्रास म्हणता येतो. पाय रेघेवर न पडणं ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण. त्या पोरानं काठीनं ओढलेली रेघ हीच डोंगरातली सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची तपासणी. तुम्ही खिंडीवर पोचला असतात तर पलीकडे बेशुद्ध माणूस उतरवायची वेळ आली असती. त्याच्यासाठी देवापुढं नारळ फोडा.

आता कारण. उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही, ते इथंही सुमारे २१ टक्के आणि एव्हरेस्टवरही तेवढंच. कमी होतो तो हवेचा दाब. बालू का घेऱ्याला दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, खिंडीवर ६० टक्क्यांच्या जवळ. ५,५०० मीटरला निम्मा. म्हणजे एका श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजनच कमी. शरीर हे सांभाळून घेतं, श्वास वाढवतं, मूत्रपिंडं रक्तातलं गणित नव्यानं बसवतात. पण त्याला दिवस लागतात. तुम्ही तास दिलेत.

नियम तोंडपाठ करा. सखल भागातून जाताना पहिली रात्र २,७५० मीटरच्या वर शक्यतो काढायची नाही. ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथंच. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलं तर उत्तमच. मनालीत दोन रात्री राहिला असतात तर हा धागा बहुतेक वेगळा झाला असता.

आणि हे नीट वाचा: धावण्याच्या दमाचा यात काही उपयोग नाही. दमदार माणसाला त्रास कमी होतो असं नाही, उलट तो भरभर वर जातो आणि सांगत नाही. ऑक्सिमीटरशी लबाडी केलीत त्याबद्दल समोर असतात तर कान धरला असता.

अनगोळचा_अण्णा
सोमवार, सकाळी ७:१५

मॅडम, एक शंका. आपलं बेळगाव काही मुंबईसारखं समुद्राला लागून नाही. अडीच हजार फुटांवर आहोत. त्याचा काही फायदा?

डॉक्टरीण_शहापूर
सोमवार, सकाळी ८:०२

अण्णा, फायदा फक्त उन्हाळ्यात पंखा कमी लागण्याचा. इथला दाब समुद्रकाठापेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी कमी, तेवढ्यानं शरीर जागं होत नाही. बदल सुरू होतात ते साधारण १,५०० मीटरच्या पुढं आणि त्रास दिसतो तो बहुधा २,५०० च्या वर. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर, आणि आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच मुळ्ळय्यनगिरी १,९३०. म्हणजे सह्याद्रीत कितीही फिरलात तरी या परीक्षेचा पेपर इथं बघायलाही मिळत नाही.

टिळकवाडीचा_टग्या
सोमवार, सकाळी ८:१०

'आपल्या राज्यातलं' म्हणजे कुठल्या? :)

चंदगडी_पाऊस
सोमवार, सकाळी ८:१४

झालं, सुरू झालं. मला मनालीत हॉटेलवाल्यानं विचारलं, बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात? मी म्हटलं भाऊ, चहा थंड होतोय.

राजहंसगडी
सोमवार, सकाळी ८:३०

तो विषय दुसऱ्या धाग्यावर, साडेचारशे प्रतिसाद झालेत तिथं. इथं फक्त डोंगर.

सुभेदार_कॅम्प
सोमवार, सकाळी ११:२०

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. बर्फात नोकरी केली आहे, म्हणून चार शब्द.

फौजेत याला तीन टप्पे असतात. ९,००० ते १२,००० फुटांपर्यंत सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस काहीच करायचं नाही. खाट, चहा, घरी पत्र. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालणं. पाचव्या-सहाव्याला थोडा चढ. पुढं १२,००० ते १५,००० साठी चार दिवस, त्याच्या वर जायचं तर आणखी चार. झाले चौदा. हुकूम आहे म्हणून सगळे पाळतात. हुकूम नसता तर आमच्यातलाही निम्मा गडी पहिल्याच दिवशी पळत टेकडीवर गेला असता.

आमच्या तुकडीत एक होता. कुस्तीचा गडी, दंड असे की बाही उसवायची. दुसऱ्याच दिवशी कुणाचं न ऐकता व्हॉलीबॉल खेळला. रात्री खोकला, पहाटे बसल्याजागी धाप, थुंकीत गुलाबी फेस. ऑक्सिजन लावून खाली नेला म्हणून वाचला. त्याच्या शेजारच्या खाटेवर आमचा स्वयंपाकी होता, पोट सुटलेला, त्याला काही झालं नाही. डोंगर दंड मोजत नाही.

राजहंसगडी, परत फिरलास यात लाज कसली? लपवलंस त्याची वाटू दे.

कॉलेजकुमार_खानापूर
सोमवार, दुपारी १:०५

सर, मला पुढं गिर्यारोहणच करायचंय. एनसीसीत आहे. रीतसर शिकायचं तर कुठं?

सुभेदार_कॅम्प
सोमवार, दुपारी १:४०

उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, १९६५ ची. दार्जिलिंगची संस्था १९५४ ची, एव्हरेस्टवर पहिलं पाऊल पडल्याच्या पुढच्या वर्षी निघालेली. दोन्हीकडं पहिला कोर्स २८ दिवसांचा. जागा लवकर भरतात, वर्षभर आधी अर्ज टाक. एनसीसीचे पण कॅम्प असतात, तुमच्या बटालियनला विचार. आणि ट्रेकच्या कंपनीत फुकट मदतनीस म्हणून जाऊ नकोस, आधी शिक.

चंदगडी_पाऊस
सोमवार, दुपारी ३:१०

मला कंपनीबद्दल बोलायचंय. मनालीत मुक्काम न ठेवता थेट चिका, हा कार्यक्रम आखला कुणी?

राजहंसगडी
सोमवार, संध्याकाळी ६:४५

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असा कार्यक्रम एकटी तीच ठेवत नाही. बऱ्याच जणांचा तोच. कारण सरळ आहे, मनालीतली एक रात्र वाढवली की पॅकेज महागतं आणि रजा एक दिवस जास्त लागते. मग गिऱ्हाईक पळतं. मीच स्वतः तीन कार्यक्रम शेजारी ठेवून सगळ्यात कमी दिवसांचा निवडला होता. फोनवर विचारलं तेव्हा पलीकडची मुलगी म्हणाली, 'सर, तुम्ही धावता ना? मग आरामात होईल.' मला तेच ऐकायचं होतं.

गाईडबद्दल मात्र एक शब्द वाईट नाही. त्याच्या जागी मी असतो तर भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला वैतागून वर घेऊन गेलो असतो.

अनगोळचा_अण्णा
सोमवार, रात्री ८:२०

डायमॉक्स का नाही घेतलं? आमच्या ऑफिसातले सगळे लेहला जाताना घेतात.

डॉक्टरीण_शहापूर
सोमवार, रात्री ९:३०

येणारच होता हा प्रश्न. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे तुमचं डायमॉक्स, शरीराला जुळवून घ्यायला मदत करतं. मोठ्या माणसाला प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, वर चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोडा-कोल्ड्रिंक प्यायलात तर बेचव लागतं, घाबरू नका. सल्फाची अॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा. कुणाच्या ऑफिसनं घेतली म्हणून घेऊ नका.

आणि गोळी घेतली म्हणजे एका दिवसात ३,१०० ला झोपायचा परवाना मिळत नाही. लक्षणं सुरू झाल्यावर वर जायचं नाही. वाढली तर, किंवा पाय लटपटले, बसूनही धाप लागली, तर रात्र असली तरी खाली. तीनशे ते हजार मीटर उतरलात की बहुतेकांना फरक पडतो. राजहंसगडींना पडलाच.

कडोलीची_मावशी
सोमवार, रात्री १०:१५

सुनेच्या फोनवरून लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. तुम्ही सगळे माझं कौतुक करताय पण माझंही डोकं दुखलं होतं, हे याला माहीतच नाही. त्याच बालूच्या मुक्कामात. मी गाईडला सरळ सांगितलं, डोकं दुखतंय, पोट साफ नाही, झोप लागली नाही, रात्री चार वेळा उठले. सगळं सांगितलं. तो पोरगा हसला आणि म्हणाला, 'माताजी, ऐसेही बताते रहो.' मग त्यानं मला तंबूत पडू दिलं नाही. गरम पाणी पाजत सावकाश फिरवलं, सूप दिलं. सकाळी डोकं उतरलं होतं. उतरलं नसतं तर मी पण खाली आले असते, मला काय खिंडीत मतदान करायचं होतं?

चालायचं म्हणाल तर मला एकच चाल येते, वारीची. ज्ञानोबा माउली तुकाराम म्हणत एका नावाला एक पाऊल. नाव म्हणायला श्वास पुरेना झाला की पाऊल छोटं करायचं. वारीत पहिल्या दिवशी जो पळतो तो चौथ्या दिवशी ट्रकात बसलेला दिसतो, हे मी वीस वर्षं बघते आहे. पण आमच्या बाळाला सांगायला गेलं तर म्हणायचा, मावशी तू मागून ये.

वर वारा फार. दगड रचून पताका बांधल्या आहेत. समोर देव टिब्बा आणि इंद्रासन दिसतात, दोन्ही सहा हजार मीटरच्या वरची, असं पोरगा म्हणाला. मी हात जोडले. उतार बघून मात्र पोटात गोळा आला. सरळ बर्फाचा कडा की हो. सगळे बसून घसरले, मी पण घसरले. त्याचे फोटो टाकू नको म्हणून बाळाला सांगितलंय. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली होती.

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री १०:२२

'खिंडीत मतदान' __/\__

टिळकवाडीचा_टग्या
सोमवार, रात्री १०:२५

मावशी, आयडी तुम्ही घ्या. राजहंसगडी तुम्हालाच शोभतो.

वडगावची_सून
मंगळवार, सकाळी ९:००

खाण्याचं काय नेलंत ते लिहा ना. आम्ही सप्टेंबरला हर की दूनला जाणार आहोत.

राजहंसगडी
मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, यात मावशीचा हात कुणी धरणार नाही. कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली, आठवडाभर काही होत नाही, वजन नाही, फक्त डब्यात नीट रचायला लागते, नाहीतर चुरा. चुरा झाला तरी शेंगाचटणी आणि दह्यात कालवून खाता येतो, दही मनालीपर्यंतच मिळतं म्हणा. करदंटाचे तुकडे खिशात. डिंक, सुकामेवा, गूळ, आणखी काय पाहिजे? कुंदा नेऊ नका, मी नेला होता, गोवा एक्स्प्रेसमध्ये भोपाळच्या अलीकडेच संपला.

वर डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही. बालू का घेऱ्यात पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. खळखळ उकळलेला चहाही खालच्यापेक्षा कमी गरम लागतो, पहिल्यांदा मला वाटलं स्वयंपाकी फसवतोय. भाकरीला या भानगडीच नाहीत.

कपड्यांचं: जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खातं. रेनकोटची परीक्षा घ्यायला मनालीपर्यंत जायची गरज नाही, जुलैत कणकुंबीला तासभर उभं राहा. तिथं आत पाणी आलं नाही तर कुठंच येणार नाही.

अनगोळचा_अण्णा
मंगळवार, सकाळी ९:५५

घोंगडं?

सुभेदार_कॅम्प
मंगळवार, सकाळी १०:३०

ऊब उत्तम, भिजलं तरी ऊब धरतं, पण वजन बघितलंस का? घोंगडं घेऊन जायचं तर खेचर पण घे. लोकरीची पातळ बनियन, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट, एवढं पुरतं. काळा चष्मा चांगला घ्या. उंची दर हजार मीटरला वाढली की अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. रस्त्यावरचा साध्या काळ्या काचेचा चष्मा घालून गेलेला माणूस रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा ओरडताना मी बघितला आहे.

चंदगडी_पाऊस
मंगळवार, दुपारी २:१५

मग तुझी आणि मावशीची भेट कुठं झाली? ती तिकडं लाहौलात, तू इकडं.

राजहंसगडी
मंगळवार, रात्री ९:१०

हेच लिहायचं राहिलं होतं. मी त्याच संध्याकाळी मनालीत आलो. दुसऱ्या दिवशी बरं वाटत होतं, म्हणून टॅक्सी करून पलीकडे लाहौलात, छत्रूला, मावशी आणि बाकीच्यांना आणायला गेलो. (डॉक्टरीणबाई, छत्रू ३,३०० मीटरवर आहे, हे मला माहीत आहे. रात्री तिथं राहिलो नाही. तरी रागवा.)

वाटेत अटल बोगदा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला, ९.०२ किलोमीटर. पीर पंजालची जी रांग मावशी तीन दिवस पायानं ओलांडत होती, त्याच रांगेखालून मी खिडकीला डोकं टेकून गेलो, दहा-पंधरा मिनिटांत. आत पिवळे दिवे, बाहेर दरवाजा, आणि बाहेर पडलो तर देश बदललेला. अलीकडे देवदार, धबधबे, चिखल. पलीकडे नुसता उघडा डोंगर, धूळ, आणि झाडं फक्त माणसांनी लावली तिथं. मॉन्सूनचे ढग अलीकडेच अडतात.

मला एकदम आपला जिल्हा आठवला. कणकुंबी-जांबोटीत पावसानं कौलं काळी होतात आणि त्याच जिल्ह्यात अथणीला लोक ढगाकडं बघत बसतात. कारण तेच, मधे डोंगर. फक्त आपल्याला त्यासाठी तासन्‌तास एसटीत बसावं लागतं, इथं एका बोगद्यात आटपतं.

छत्रूला मावशी नदीकाठी दगडावर बसली होती. बूट काढलेले, पट्टा काढलेला, नाक सोललेलं. मला बघून पहिलं वाक्य, 'जेवलास का?' दुसरं, 'ही नदी कुठली माहीत आहे का तुला?'

डॉक्टरीण_शहापूर
मंगळवार, रात्री ९:४५

लक्षणं पूर्ण गेली होती आणि रात्री खाली झोपलात म्हणून सोडते. पाय लटपटलेल्या माणसानं एवढ्या लगेच परत वर जायचं नसतं, दिवसापुरतंसुद्धा नाही. इतर कुणी हे करू नका.

मलप्रभाकाठ
मंगळवार, रात्री ९:५०

कुठली नदी?

कडोलीची_मावशी
मंगळवार, रात्री १०:३०

चंद्रा. ती पुढं तांडीला भागा नावाच्या नदीला मिळते आणि तिथून तिचं नाव चंद्रभागा. पुढं तीच चिनाब. मला गाईडनं सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, खरं सांगतोस ना? आमची पंढरीची चंद्रभागा म्हणजे भीमाच, पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणायचं. ती वेगळी, ही वेगळी, मला कळतं. पण नाव तर तेच ना? मी बिसलेरीची बाटली भरून घेतली. पाणी राखेसारखं करडं होतं, आतलं बोट दिसत नव्हतं. पोरं म्हणाली, हे पिऊ नका. पिणार कोण!

बाटली आता देव्हाऱ्यात आहे. पाणी वर स्वच्छ झालंय, तळाला गव्हाच्या पिठासारखा बारीक गाळ बसलाय. बर्फ डोंगर घासतं त्याचं ते पीठ, असं पोरगा म्हणाला होता. कार्तिकीला पंढरपूरला नेऊन वाळवंटात ओतणार.

अनगोळचा_अण्णा
मंगळवार, रात्री १०:३८

मावशी, त्यातलं थोडं मला मिळेल का? आईसाठी. ती आता वारीला जाऊ शकत नाही.

कडोलीची_मावशी
मंगळवार, रात्री १०:४४

या की कडोलीला, आईंना घेऊनच या. चमचाभर देते. फक्त बाटली मी ओतणार, तुम्ही हात लावायचा नाही. हलली की गाळ वर येतो आणि परत बसायला दोन दिवस लागतात.

राजहंसगडी
मंगळवार, रात्री १०:५०

अण्णा, ती खरंच हात लावू देत नाही. मला पण नाही.